उताऱ्याखालचे प्रश्न

दिवाळीची सुटी लागायच्या आदल्या दिवशी शेवटच्या तासाला इंग्रजीच्या शिक्षकाने फळ्यावर एक ओळ लिहायची, असा आमच्या शाळेत प्रघात आहे. ‘सुटीचा अभ्यास : अपठित उतारे २५, प्रश्नोत्तरांसह, वेगळ्या वहीत.’ पोरांचे अर्धे लक्ष किल्ल्याच्या मातीकडे आणि अर्धे चकलीच्या सोऱ्याकडे लागलेले असते. ती मुकाट्याने ओळ उतरवून घेतात. पुढे भाऊबीज उलटली की घराघरांतून एकच धांदल उडते. थोरली बहीण उत्तरे सांगते, धाकटा लिहितो आणि आई मधून मधून ओरडते. वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा तुमच्या घरातही अशी एखादी कोरी वही दप्तरात दडून बसलेली असेल.

अठरा वर्षे ही ओळ मी इमानेइतबारे लिहीत आलो. यंदा मात्र लिहिली नाही. ती का लिहिली नाही हे मला सांगायचे आहे, आणि सांगताना काही मंडळींना दुखवावे लागेल. त्यांत पहिला मीच आहे.

आधी माझा अधिकार काय ते सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी काढायला नको. मी मॅट्रिक. आता मॅट्रिक कोणी म्हणत नाही, दहावी म्हणतात. पण जुना शब्द जरा भारदस्त वाटतो म्हणून मी तोच धरून बसलो आहे. विनाअनुदान शाळेला पदवीधर परवडत नाही आणि मला मास्तरकीवाचून दुसरे काही येत नाही, अशा दुहेरी गरजेतून माझी नोकरी चालली आहे. फावल्या वेळात दोन कादंबऱ्या लिहिल्या. इंग्रजीचा मी पंडित नव्हे; परंतु इंग्रजी कसे शिकवू नये, या विषयात मला अठरा वर्षांचा दांडगा अनुभव आहे.

उतारा या शब्दाला मराठीत मोठे गोत आहे. शेतकऱ्याला सातबाराचा उतारा लागतो. विंचू चावलेल्याला विषावर उतारा लागतो. आणि अमावास्येच्या रात्री तिठ्यावर लिंबू, भात, गुलाल ठेवतात, तोही उताराच. आमच्या मुलांचे इंग्रजी उताऱ्याशी नाते आहे ते या तिसऱ्या प्रकारचे. लांबून पाहायचे, वळसा घालायचा, पण त्यात पाय पडू द्यायचा नाही.

हा वळसा कसा घालायचा ते आम्हीच शिकवतो. प्रश्नातला ठळक शब्द हेरावा. तोच शब्द उताऱ्यात कुठे आहे ते शोधावे. सापडला की ते वाक्य मोठ्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत जसेच्या तसे उतरून काढावे. ‘व्हेन’ विचारले असेल तर आकडा शोधावा, ‘व्हाय’ विचारले असेल तर ‘बिकॉज’ शोधावे, ‘हू’ विचारले असेल तर वाक्याच्या मधोमध मोठे अक्षर कुठे आले आहे ते पाहावे. झाले! उतारा कशाबद्दल आहे हे कळण्याचे कारणच उरत नाही.

अतिशयोक्ती वाटते? मग फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या घरातल्या पोरांना हा उतारा घाला : ‘काल सांजेला खिरप्या मुंगशाने दोन ओली तळपे गुळवली.’ आता विचारा, तळपे कोणी गुळवली? किती गुळवली? ती कशी होती? केव्हा गुळवली? पोरे तोंडातल्या तोंडात उत्तरे देतील. चार प्रश्न, चार उत्तरे, आठांपैकी आठ गुण. मग पाचवा प्रश्न विचारा : बाबांनो, घडले काय? त्यावर जी शांतता पसरेल, तीच शांतता माझ्या वर्गात रोज असते. फरक इतकाच, की पाचवा प्रश्न मी कधी विचारीत नाही.

अलीकडे कृतिपत्रिकेत ‘तुमचे मत सांगा’ अशी एक पुस्ती असते. हेतू चांगला होता. पण गाइडवाल्यांनी तेही मत छापून टाकले. माझ्या वर्गातल्या चाळीसही मुलांना प्रत्येक उतारा फार आवडतो, आणि तो प्रेरणादायी आहे म्हणून आवडतो. एकदा तो साथीच्या रोगांबद्दल होता.

‘असर’च्या २०२३ सालच्या पाहणीत १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींकडून इंग्रजीची साधी वाक्ये वाचून घेतली होती. ५७.३ टक्क्यांना ती वाचता आली. आणि ज्यांना वाचता आली, त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांशांनाच अर्थ सांगता आला. म्हणजे घडाघडा वाचणाऱ्या दर चौघांतला एक जण नुसताच वाचत होता. हा चौथा मुलगा कुठे तयार होतो, ते मला ठाऊक आहे.

आता माझ्या मनाला जी गोष्ट लागली ती सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील हमाली करीत, आई चार घरची धुणीभांडी. पोरगी जिद्दीची. दहावीला तिला इंग्रजीत नव्वदाच्या वर गुण पडले, शाळेने पेढे वाटले, आणि पेढा खाताना मी म्हणालो, “आपली पद्धत आहे हो!” पुढे ती परिचारिका झाली आणि जिल्ह्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळी करू लागली. तिथे बरोबरीच्या केरळच्या मुली एकेक करून इंग्लंडला चालल्या होत्या. हिनेही जायचे ठरवले. घरचे कर्ज फिटले असते, धाकट्या भावाचे शिक्षण झाले असते.

तिथे जायचे तर आयेल्ट्स नावाची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून ती चालू आहे. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे तिचे चार भाग. इंग्लंडच्या परिचारिका मंडळाला वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत नवांपैकी सात हवेत. लेखनात साडेसहा चालतात. ती पहिल्यांदा बसली तेव्हा श्रवणात साडेपाच आणि वाचनात सहा. क्लास लावून दुसऱ्यांदा बसली; दोन्हींत सहा. एका वेळची फी म्हणजे तिचा जवळजवळ एका महिन्याचा पगार. गेल्या श्रावणात ती माझ्या घरी आली. चहा झाला. मग खाली मान घालून म्हणाली, “सर, एक विचारू? राग मानू नका. तुम्ही मला नव्वद गुणांचे इंग्रजी शिकवलेत ना, मग मला इंग्रजी का येत नाही?”

मी तिला म्हणालो, “अगं, सराव कमी पडला असेल.” इतका खोटा शब्द माझ्या तोंडून आजवर गेला नव्हता. तिने सरावाच्या सत्तर प्रश्नपत्रिका सोडवल्या होत्या. पिशवी भरून आणल्या होत्या बरोबर.

ती पिशवी मी ठेवून घेतली आणि रात्री एकेक कागद पाहिला. ही परीक्षा वाईट आहे असे मला म्हणवत नाही. उलट आमची लबाडी तिला बरोबर कळते. तिच्या वाचनात एक प्रकार असा आहे : एक विधान देतात आणि विचारतात, हे खरे, खोटे, की उताऱ्यात सांगितलेलेच नाही? आमची मुलगी नेमकी इथे आडवी पडत होती. घरगुती उदाहरण देतो. ‘काकूंनी चकल्या केल्या. संध्याकाळपर्यंत मुलांनी डबा रिकामा केला.’ विधान : चकल्या खुसखुशीत झाल्या होत्या. खरे की खोटे? आमची मुले छातीठोकपणे ‘खरे’ म्हणतील. पण तसे लिहिले आहे कुठे? मुले भुकेली असतील. उत्तर आहे : सांगितलेले नाही. लेखक काय म्हणाला हे कळणे ही अर्धी गोष्ट. तो काय म्हणाला नाही हे कळले, तर वाचन पुरे झाले. शब्द हेरून वाक्य उतरवणाऱ्याला हे जन्मात येणार नाही, कारण जे वाक्य उताऱ्यात नाहीच ते उतरवणार कुठून? (मोबाइलवर आलेला मजकूर भराभर पुढे ढकलणाऱ्या आम्हा मोठ्यांना तरी हे कुठे येते म्हणा!)

श्रवणाची गत याहून वाईट. तिथे अर्ध्या तासात चाळीस प्रश्न, आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. बोलणारे कधी इंग्लंडचे, कधी ऑस्ट्रेलियाचे. माणूस म्हणतो ‘मंगळवारी येतो’, आणि लगेच ‘नाही, चुकलो, बुधवारी’. मंगळवार ऐकून लिहून मोकळा झालेला फसला. ती सांगत होती, “सर, एक शब्द हुकला की मी त्याच्याच मागे धावत राहते, तोवर पुढचे तीन निघून जातात.”

हुकणारच. आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. मराठीत जे लिहिले ते बहुतेक तोंडातून निघते. इंग्रज मात्र ज्या अक्षरावर जोर नाही ते खुशाल गिळतो. ‘कम्फर्टेबल’ म्हणून आम्ही चार अक्षरे स्वच्छ उच्चारतो, तो ‘कम्फ्टबल’ म्हणून मोकळा होतो. ‘व्हॉट डू यू वाँट टू डू’ याचे त्याच्या तोंडी ‘वॉड्या वॉना डू’ होते. यात त्याने काही गुन्हा केला असे नाही. ‘तू काय करीत आहेस’ असे पुस्तकात शिकून एखादा परका पुण्याला आला, तर ‘काय करतोयस्’ ऐकून त्याचीही अशीच दैना होईल. याला उपाय एकच, पुष्कळ ऐकणे. आणि ऐकण्याचा आमच्या शाळांत काय थाट आहे?

दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी आणि २० तोंडी. तोंडी परीक्षेत मुलाने ऐकून उत्तर द्यावे, दोन वाक्ये बोलावी, अशी अपेक्षा असते. मी एका पावसाळी दुपारी साठ मुलांची तोंडी परीक्षा दीड तासात उरकली आहे. दर मुलास दीड मिनिट, त्यात आत येणे आणि बाहेर जाणे धरून. ऐकवले काय? काही नाही. लेखीचा अंदाज घेऊन आकडे टाकले. अठराखाली कोणी नाही. २०१९ च्या मार्चमध्ये भाषांचे हे गुण नव्हते, आणि दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. लगेच ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. सगळा चढउतार त्या वीस गुणांमुळे झाला असे मी म्हणत नाही. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता. पण गुण परत द्या म्हणून जेवढी ओरड झाली, तिच्या शतांश ओरड ‘मुलांना ऐकायला शिकवा’ म्हणून कोणी केल्याचे माझ्या कानी आले नाही. आणि नवविधा भक्तीत श्रवण पहिले, असे समर्थांनी दासबोधात सांगितलेल्या महाराष्ट्रात हे चालले आहे.

यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, “सरावाने सारे येते. शंभर उतारे सोडवले की एकशेएकावा सुटतो.” हे खरे असते तर त्या मुलीच्या सत्तर प्रश्नपत्रिका वाया गेल्या नसत्या. पोहण्याचा सराव पाण्यात होतो. काठावर बसून खोलीचे प्रश्न सोडवल्याने होत नाही.

१९८८ साली अमेरिकेत डॉना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोन बाईंनी ६४ शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. मुलांना बेसबॉलच्या खेळाचा उतारा वाचायला दिला आणि काय काय झाले ते सांगायला लावले. वाचनात कच्ची पण बेसबॉलची जाणकार मुले, वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. म्हणजे ‘आकलन’ नावाची काही सुटी कळ नसते, की ती दाबून कुठलाही उतारा उघडावा. ज्या गोष्टीचे मनात घर आहे, तिच्याबद्दलचे वाचलेले कळते.

मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण माझ्यावर हा प्रयोग आधीच होऊन गेला होता. १३ मार्च १९९६. माझी बोर्डाची परीक्षा चालू, आणि कलकत्त्याला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना, भारत विरुद्ध श्रीलंका. आमच्याकडे दूरदर्शन नव्हता. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात रेडिओ. धावते वर्णन आलटून पालटून हिंदीत आणि इंग्रजीत. ६५ धावांवर सचिन यष्टिचीत झाला आणि तिथून आमचे बुरूज ढासळू लागले. १२० ला ८ गेले, मैदानात बाटल्या पडू लागल्या, खेळ थांबला. सामना श्रीलंकेला बहाल केला हे मी इंग्रजीतून ऐकले, आणि हिंदीची पाळी यायच्या आधी दुकानातल्या दहा माणसांना मराठीत सांगितले. शिंपीकाकांनी मशीन थांबवून माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “तुला कळतं रे हे?” त्या वेळपर्यंत मला स्वतःलाही ठाऊक नव्हते. दोन वर्षे मी ते बडबडणे ऐकत होतो. त्याखाली कोणी प्रश्न विचारले नव्हते.

एकट्या माझ्या अनुभवावर जाऊ नका. फिजी बेटांचे घ्या, जिथे हिंदुस्थानातून गिरमिटिये म्हणून गेलेल्यांची नातवंडे-पतवंडे राहतात. तिथल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी एक साधी गोष्ट केली. आठ शाळांतल्या चौथी-पाचवीच्या वर्गांना इंग्रजीतली अडीचशे गोष्टींची पुस्तके दिली. चित्रांची, सोपी, मजेची. काही वर्गांत मुलांनी आपापली वाचायची. काहींत शिक्षकाने वाचून दाखवायची आणि त्यावर गप्पा. चार शाळा नेहमीच्या पद्धतीने चालू ठेवल्या. आठ महिन्यांनी पाहतात तो पुस्तकवाल्या मुलांची प्रगती दुप्पट वेगाने झालेली. आणि नुसती वाचनात नव्हे, ऐकून समजण्यातही. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्याला चाळीस वर्षे उलटून गेली, आणि आम्ही अजून फळ्यावर ‘उतारे २५’ लिहितो आहोत.

“पुस्तकांना पैसे कोण देणार?” हा प्रश्न हमखास येतो. माझ्या वर्गात चाळीस मुले. दोनशे रुपयांचे गाइड प्रत्येकाने घेतले की आठ हजार झाले. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालयातली किंवा तसल्या आकाराची पुस्तके घेतली, तर तेवढ्यात शे-सव्वाशे येतात. आणि गाइड वर्षअखेर रद्दीत जाते, ही पुस्तके पुढच्या चाळीस मुलांना उरतात. पैसा आहे. तो आम्ही वळसा घालायला खर्च करतो.

क्लासवाल्यांशी फार भांडत बसत नाही. परीक्षेचा साचा ओळखीचा व्हावा म्हणून दोन-चार प्रश्नपत्रिका अवश्य सोडवाव्या. अंगरखा शिवायचा तर माप घ्यावेच लागते. पण मापे सत्तर वेळा घेऊन अंगरखा होत नाही. ‘उतारा वाचू नका, आधी प्रश्न वाचा’ ही त्यांची हातोटी म्हणजे आमच्याच विद्येचे महागडे नाव. आणि ‘मुलाला इंग्रजी माध्यमात घातले की सुटलो’ म्हणणाऱ्या पालकांना एवढेच विचारतो : तुमच्या घरात, कुठल्याही भाषेत, शेवटचे पुस्तक मोठ्याने कधी वाचले गेले? २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षे भाषा शिकून मुलगा एक गोष्ट आपण होऊन वाचत नसेल, तर दोष माध्यमाचा नाही. तो माझ्यासारख्या माणसांचा आहे, ज्यांनी त्याला वाचू न देता गुण मिळवून दिले.

त्या मुलीला मी आता प्रश्नपत्रिका सोडवू देत नाही. रात्रपाळी संपवून येताना बसमध्ये ती बीबीसी ऐकते, नुसती ऐकते, लिहून काही घेत नाही. रविवारी माझ्याकडे येते, एक पान वाचते आणि पुस्तक मिटून मला मराठीत सांगते. मी मधेच विचारतो, “हे त्याने म्हटलंय की तू म्हणतेयस?” पहिले काही रविवार ती रडकुंडीला आली. आता माझ्याशी वाद घालते. फेब्रुवारीत तिसऱ्यांदा बसायची आहे.

यंदा सुटी लागायच्या आदल्या दिवशी मी फळ्यावर काही लिहिले नाही. कपाटातली होती नव्हती ती सदतीस पुस्तके मुलांना वाटली, आणि सांगितले, घरच्यांना वाचून दाखवा, प्रश्न कोणी विचारणार नाही. तीन मुलांना पुस्तक पुरले नाही, त्यांना मी स्वतःची दिली. दुसऱ्याच दिवशी दोन पालकांची तक्रार गेली, की मास्तरांनी सुटीचा अभ्यास दिलेला नाही. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला आहे; सुटी संपायच्या आत द्यायचा आहे. तो लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता एवढा लांबला. चौकटीतल्या अर्जात काही तो मावणार नाही, म्हणून संपादकांकडे पाठवला आहे; मुख्याध्यापकांना अंकच नेऊन देईन.